उच्च न्यायालयातील रिक्त जागा: नाव कोण सुचवतो आणि फाइल कोण थांबवतो

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपल्या वडिलांचे प्रथम अपील मुंबई उच्च न्यायालयात बरीच वर्षे प्रलंबित आहे. न्यायमूर्तींच्या जागा रिकाम्या असल्यामुळे ते अंतिम सुनावणीच्या बोर्डावर येत नाही, असे आपल्याला सांगण्यात आले. त्याच सुमारास एका राजकीय पक्षाच्या माजी प्रवक्त्या न्यायमूर्ती झाल्याची बातमी आपण वाचली. आता आपण विचारता की, आपल्याकडे न्यायाधीशच न्यायाधीश निवडतात, अमेरिकेसारखे सभागृहात मतदान होत नाही, मग या नेमणुकांत पक्षीय राजकारण शिरते कोठून, आणि त्याचा आपल्या अपिलाशी काही संबंध आहे का?

मी उच्च न्यायालयात दिवाणी अपिले चालवतो. वकील संघटनेच्या कामामुळे शिफारस झालेली, परत आलेली आणि कोणतेही कारण न कळता विरून गेलेली नावे मला जवळून पाहता आली. त्या आधारावर माझे मत असे झाले आहे की, ‘न्यायमूर्ती नेमतो कोण’ या प्रश्नाने राजकारणाचा निम्माच भाग दिसतो. उरलेला निम्मा पाहायचा असेल तर एखादे नाव कोण आणि किती काळ अडवू शकतो, हे विचारावे लागते. आपल्याकडचे पक्षीय राजकारण मुख्यतः त्या अडवण्यात आहे.

आधी कार्यपद्धती पाहू. राज्यघटनेच्या अनुच्छेद २१७ नुसार उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींची नेमणूक राष्ट्रपती करतात आणि त्यासाठी भारताचे सरन्यायाधीश, राज्यपाल व त्या उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती यांच्याशी विचारविनिमय करतात. १९९३ च्या नऊ न्यायाधीशांच्या निकालाने आणि १९९८ च्या राष्ट्रपतींनी मागितलेल्या अभिमताने या विचारविनिमयाला आजचे न्यायवृंदाचे, म्हणजे कॉलेजियमचे, रूप आले. उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती आपल्या दोन ज्येष्ठतम सहकाऱ्यांसह नाव सुचवतात. ते नाव मुख्यमंत्री, राज्यपाल आणि केंद्रीय कायदामंत्री यांच्याकडे जाते. गुप्तवार्ता विभागाचा, म्हणजे आयबीचा, अहवाल येतो आणि मग सरन्यायाधीश व सर्वोच्च न्यायालयातील दोन ज्येष्ठतम न्यायाधीश त्यावर निर्णय करतात. केंद्र सरकार ते नाव एकदा पुनर्विचारासाठी परत पाठवू शकते. मात्र न्यायवृंदाने तेच नाव एकमताने पुन्हा पाठवले, तर सरकारने नेमणूक करणे अपेक्षित असते.

कागदावर ही व्यवस्था न्यायपालिकेच्या बाजूने झुकलेली दिसते. मात्र तिच्यात एक मोठी फट आहे. मुदती घातलेल्या आहेत, पण मुदत उलटल्यास काय व्हावे, याचे उत्तर कोठेही नाही. राज्य सरकारने सहा आठवड्यांत मत कळवले नाही, तर त्याला काही म्हणायचे नाही असे केंद्राला धरता येते, परंतु केंद्रच गप्प बसले तर तसे गृहीत धरण्याची तरतूद नाही. एप्रिल २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वेळापत्रक स्पष्ट केले. आयबीने चार ते सहा आठवड्यांत अहवाल द्यावा, राज्याचे मत आणि तो अहवाल हाती आल्यापासून आठ ते बारा आठवड्यांत केंद्राने शिफारस पुढे पाठवावी आणि एकमताने पुन्हा पाठवलेल्या नावाची नेमणूक तीन ते चार आठवड्यांत व्हावी, असे त्यात म्हटले होते. ते पाळले जात नाही म्हणून अवमान याचिका झाली, न्यायालयाने वारंवार नाराजी व्यक्त केली, काही नावे मार्गी लागली आणि काही तशीच राहिली. सरकारला ‘नाही’ म्हणावे लागत नाही. नेमणुकीचा आदेश निघत नाही, एवढेच घडते, आणि न घडलेल्या गोष्टीची कारणे कोणाला द्यावी लागत नाहीत.

आपण अमेरिकेचा दाखला दिला आहे म्हणून तेवढ्यापुरते सांगतो. तेथील राजकारण उघड असते हे खरे, पण तेथेही सर्वांत परिणामकारक चाल मतदान न घेण्याचीच ठरली. फेब्रुवारी २०१६ मध्ये न्यायमूर्ती स्कॅलिया यांचे निधन झाले, ओबामा यांनी मार्चमध्ये मेरिक गारलंड यांचे नाव दिले आणि रिपब्लिकन बहुमताच्या सिनेटने त्यांची सुनावणीच घेतली नाही. सप्टेंबर २०२० मध्ये न्यायमूर्ती गिन्सबर्ग यांचे निधन झाले, तेव्हा त्याच बहुमताने अध्यक्षीय निवडणूक तोंडावर असताना ऑक्टोबर संपण्यापूर्वी एमी कोनी बॅरेट यांना ५२ विरुद्ध ४८ मतांनी मान्यता दिली. दोन्ही वेळा खरे हत्यार कालगणना हेच होते. फरक इतकाच की, तेथे कोणी अडवले हे नावानिशी कळते आणि मतदार त्याचा हिशेब मागू शकतात.

आपल्याकडे विलंबाची किंमत नेमकी काय, हे बाहेरच्या माणसाच्या सहज लक्षात येत नाही. उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती वयाच्या ६२ व्या वर्षी निवृत्त होतात आणि त्यांची ज्येष्ठता सर्वसाधारणपणे शपथ घेतल्याच्या दिवसापासून व क्रमाने ठरते. साधारण ४५ ते ५५ या वयात वकिलांमधून नेमणुका होतात. म्हणजे ज्याचे नाव दोन वर्षे अडले, त्याची दोन वर्षेच जात नाहीत, तर त्या काळात शपथ घेतलेले सगळे सहकारी कायमचे त्याच्या पुढे जातात. उच्च न्यायालयाच्या न्यायवृंदात तीनच जण बसतात, तेही ज्येष्ठतेने, आणि मुख्य न्यायमूर्तिपद व त्यापुढे सर्वोच्च न्यायालय या वाटेवरही ज्येष्ठतेचे वजन मोठे असते. आज एक फाइल थांबवणे म्हणजे दहा वर्षांनी नावे कोण सुचवणार, यात आजच हात घालणे होय. मला या विषयातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा हाच वाटतो, आणि बातम्यांत तो क्वचितच येतो.

याचे उदाहरण मद्रास उच्च न्यायालयाचे आहे. १७ जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायवृंदाने वकील आर. जॉन सत्यन यांचे नाव पुन्हा पाठवले. पंतप्रधानांवर टीका करणारा एक लेख त्यांनी समाजमाध्यमावर पुढे पाठवला होता, हा त्यांच्याविरुद्धचा एक आक्षेप होता. त्यांचा उघड राजकीय कल आढळत नाही, असे आयबीनेच म्हटल्याचे न्यायवृंदाने नोंदवले आणि त्या दिवशी शिफारस होणाऱ्या अन्य काही नावांच्या आधी त्यांची नेमणूक व्हावी असेही लिहिले. त्याच दिवशीच्या शिफारशींत एल. व्हिक्टोरिया गौरी यांचे नाव होते. भारतीय जनता पक्षाशी त्यांचे जुने संबंध असल्याचा आक्षेप घेतला गेला होता. त्यांनी ७ फेब्रुवारी २०२३ रोजी शपथ घेतली. सत्यन यांचा आदेश निघाला नाही. मार्च २०२३ मध्ये न्यायवृंदाने ठरावातच लिहिले की, आधी शिफारस झालेली नावे मागे ठेवून नंतरची पुढे नेल्याने ज्येष्ठता बिघडते आणि ही बाब चिंतेची आहे. यादीतील नावे अशी वेगळी काढण्याला आमच्याकडे ‘यादी फोडणे’ म्हणतात, आणि ती कोठे फुटली हे पाहिले की बरेचसे राजकारण उलगडते.

मुंबईतही असे घडले. सोमशेखर सुंदरेसन यांचे नाव मुंबईच्या न्यायवृंदाने ऑक्टोबर २०२१ मध्ये दिले आणि सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायवृंदाने फेब्रुवारी २०२२ मध्ये उचलून धरले. न्यायप्रविष्ट विषयांवर त्यांनी समाजमाध्यमांवर मते मांडली, असे सांगून सरकारने ते त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये परत पाठवले. मत मांडल्यामुळे कोणी न्यायमूर्तिपदासाठी अपात्र ठरत नाही, असे म्हणत न्यायवृंदाने जानेवारी २०२३ मध्ये ते पुन्हा पाठवले आणि नेमणूक नोव्हेंबर २०२३ मध्ये झाली. उलट आपण ज्या नेमणुकीचा उल्लेख केला आहे, ती बहुधा भारतीय जनता पक्षाच्या माजी प्रवक्त्या आरती साठे यांची असावी. त्यांची शिफारस जुलै २०२५ मधील आणि नेमणूक पुढच्याच महिन्यातील आहे. या दोन तारखा शेजारी ठेवल्या की निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तरी एक सावधगिरी बाळगावी. कोणत्याही पक्षाशी संबंध नसलेल्या अनेकांच्या नेमणुकाही काही आठवड्यांत होतात, आणि काही फाइली केवळ एखाद्या प्रलंबित तक्रारीमुळे रेंगाळतात. एका तारखेवरून हेतू सिद्ध होत नाही. मात्र टीकाकारांची नावे थांबतात आणि जवळच्यांची थांबत नाहीत, असे पुन्हा पुन्हा दिसू लागले, तर ते योगायोग म्हणून सोडून देणे मला पटत नाही.

याचा अर्थ हे सारे अलीकडच्या एका पक्षानेच सुरू केले, असा मात्र घेऊ नये. आणीबाणीत १९७६ मध्ये १६ उच्च न्यायालयीन न्यायमूर्तींच्या, त्यांची संमती न घेता, बदल्या झाल्या. अनुच्छेद २२४ खाली अतिरिक्त न्यायमूर्ती जास्तीत जास्त दोन वर्षांसाठी नेमता येतात, आणि मुदतवाढ आपल्या हाती असली की माणूस टांगणीवर ठेवता येतो, हे तेव्हाच्या सरकारला नीट कळले होते. १९८१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाचे अतिरिक्त न्यायमूर्ती एस. एन. कुमार यांना मुदतवाढ नाकारली गेली. त्या वर्षी मार्चमध्ये कायदामंत्री शिवशंकर यांनी मुख्यमंत्र्यांना परिपत्रक पाठवून, अतिरिक्त न्यायमूर्तींकडून अन्य राज्यात नेमणुकीस संमती घ्यावी असे कळवले होते. या दोन्हींवरून झालेल्या एस. पी. गुप्ता खटल्यात निकालाचा कौल सरकारच्या बाजूने गेला. पुढे १९९३ मध्ये न्यायालयाने अधिकार स्वतःकडे ओढून घेतला, तो या अनुभवांच्या पार्श्वभूमीवर.

२०१४ मध्ये ९९ वी घटनादुरुस्ती करून राष्ट्रीय न्यायिक नियुक्ती आयोग आणला गेला, तेव्हा सत्ताधारी आणि मुख्य विरोधी पक्ष एकत्र होते. त्या आयोगात सरन्यायाधीश, दोन ज्येष्ठ न्यायाधीश, कायदामंत्री आणि दोन मान्यवर व्यक्ती असे सहा सदस्य होते, आणि कोणतेही दोन सदस्य असहमत असल्यास नाव बाद होणार होते. १६ ऑक्टोबर २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मताने ती दुरुस्ती रद्द केली. न्यायवृंदाविषयीचे राजकीय पक्षांचे मत बहुतेक वेळा ते सत्तेत आहेत की विरोधात, यावरच ठरते, असे माझे निरीक्षण आहे.

राज्य सरकारचा वाटा आपल्या प्रश्नात आलेला नाही. मुख्यमंत्र्यांना नाव सुचवायचे असेल तर ते मुख्य न्यायमूर्तींकडे पाठवावे, असे कार्यपद्धतीतच म्हटले आहे, आणि मुख्य न्यायमूर्तींनी सुचवलेल्या नावावर राज्याचे मत फाइलवर येते. केंद्रात आणि राज्यात वेगवेगळे पक्ष असले की राज्याच्या मताचे वजन केंद्र आपल्या सोयीने कमीअधिक करते. सरकारी वकील किंवा महाधिवक्ता म्हणून काम केलेल्यांची नावे येतात, तेव्हा कोणत्या सरकारच्या काळातील नेमणूक, ही चर्चा बार रूममध्ये आपोआप सुरू होते. त्यात तथ्य किती, हे प्रत्येक नावागणिक बदलते.

आता पक्षाची पार्श्वभूमी असलेल्या न्यायमूर्तींविषयी. आपली शंका स्वाभाविक आहे, परंतु इतिहास दोन्ही बाजूंनी बोलतो. व्ही. आर. कृष्ण अय्यर केरळच्या १९५७ च्या कम्युनिस्ट मंत्रिमंडळात मंत्री होते. ते १९६८ मध्ये केरळ उच्च न्यायालयाचे आणि १९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. के. एस. हेगडे काँग्रेसचे राज्यसभा सदस्य होते, १९५७ मध्ये म्हैसूर उच्च न्यायालयात आले, आणि १९७३ मध्ये केशवानंद भारती खटल्यात सरकारच्या विरोधात गेलेल्या बहुमतात असल्यामुळे काँग्रेस सरकारनेच त्यांना डावलून दुसऱ्याला सरन्यायाधीश केले. उलट बहारुल इस्लाम यांचे उदाहरण अस्वस्थ करणारे आहे. ते काँग्रेसचे राज्यसभा सदस्य होते, १९७२ मध्ये गुवाहाटी उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले, निवृत्तीनंतर १९८० मध्ये त्यांना सर्वोच्च न्यायालयात आणले गेले, आणि १९८३ मध्ये तेथून राजीनामा देऊन ते पुन्हा पक्षाच्या राजकारणात परतले. म्हणून मी पूर्वीच्या सदस्यत्वाला अपात्रता मानत नाही. पक्षाचे काम सोडून किती काळ गेला, त्या काळात वकिली कशी केली आणि नाव पुढे आले तेव्हा हा भाग उघडपणे विचारात घेतला गेला का, हे मी पाहतो. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आजही बहुधा मिळत नाही. न्यायवृंदाने ऑक्टोबर २०१७ पासून ठराव प्रसिद्ध करण्यास सुरुवात केली, पण त्यांतील कारणमीमांसा कधी सविस्तर, कधी दोन ओळींची असते.

अशा नेमणुकीला न्यायालयात आव्हान देता येईल का, असे आपण विचारलेले नाही, पण हा प्रश्न पुढे येतोच. पात्रता आणि योग्यता यांत न्यायालय भेद करते. दहा वर्षांची वकिली किंवा दहा वर्षांचे न्यायिक पद ही पात्रता नसेल तर नेमणूक रद्द होऊ शकते, आणि १९९२ मध्ये कुमार पद्मप्रसाद खटल्यात गुवाहाटीच्या एका नियोजित न्यायमूर्तींबाबत शपथेपूर्वीच तसे झाले. व्यक्ती योग्य आहे का, हा प्रश्न मात्र न्यायालय तपासत नाही, तो न्यायवृंदाचा विषय मानला जातो. व्हिक्टोरिया गौरी यांच्याविरुद्धची याचिका याच रेषेवर थांबली.

सगळे खापर केंद्र सरकारवर फोडणे मात्र अन्यायाचे ठरेल. देशातील उच्च न्यायालयांच्या न्यायमूर्तींची मंजूर संख्या ११२२ आहे आणि बरीच वर्षे त्यांतील सुमारे एकतृतीयांश जागा रिकाम्या राहात आल्या आहेत. मुंबईची मंजूर संख्या ९४ आहे. जागा रिकामी होण्यापूर्वी सहा महिने मुख्य न्यायमूर्तींनी नाव पाठवावे, अशी अपेक्षा आहे, आणि निवृत्तीची तारीख आधीपासून ठाऊक असूनही अनेक उच्च न्यायालये ती पाळत नाहीत. मुख्य न्यायमूर्ती बहुधा बाहेरच्या राज्यातून आलेले असतात, तेथील वकील त्यांना परिचित नसतात, आणि माहिती होईपर्यंत त्यांची बदली किंवा निवृत्ती येते. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर आणि गोवा यांतून किती नावे जावीत, महिला आणि वंचित समाजांना स्थान किती मिळावे, या खेचाखेचीत पक्षाचा संबंध असेलच असे नाही. शिवाय चांगली वकिली चालणारे अनेकजण संमतीच देत नाहीत. उत्पन्न घटते हे एक कारण, पण अलीकडे मी वारंवार ऐकतो ते कारण वेगळे आहे: नाव गेले की ते किती काळ अधांतरी राहील याची शाश्वती नाही, तोवर पक्षकार दुसरा वकील शोधतात, आणि नाव अडले तर कुजबूज मागे राहते. कर्नाटकातील ज्येष्ठ वकील आदित्य सोंधी यांचे नाव न्यायवृंदाने सप्टेंबर २०२१ मध्ये पुन्हा पाठवले होते. आदेश निघेना, तेव्हा फेब्रुवारी २०२२ मध्ये त्यांनी संमती मागे घेतली. विलंबाचा हा परिणाम कोणत्याही आकडेवारीत दिसत नाही, कारण ज्यांनी सुरुवातीलाच नकार दिला त्यांची नोंद होत नसते.

राहिला प्रश्न आपल्या वडिलांच्या अपिलाचा. रिक्त जागांचा त्यावर थेट परिणाम होतो. न्यायमूर्ती कमी असले की मुख्य न्यायमूर्ती कामवाटप करताना जामीन, अटक, निवडणूक, तातडीचे मनाई हुकूम यांना आधी पीठे देतात, आणि दाखल होऊन पडलेली प्रथम व द्वितीय अपिले मागे सरकतात. पक्षीय कलाचा परिणाम आपल्यासारख्या दोन खासगी पक्षकारांमधील मिळकतीच्या वादावर होण्याची शक्यता मला फारच कमी वाटते. सरकार किंवा एखादा राजकीय नेता प्रतिपक्ष असता, तर माझे उत्तर इतके निःशंक नसते. संबंधित न्यायमूर्तींनी वकील असताना आपल्या प्रतिपक्षाचे काम केले असेल, तर आपल्या वकिलांनी ते पहिल्याच तारखेला निदर्शनास आणावे. बहुतेक न्यायमूर्ती अशा वेळी ते प्रकरण स्वतःहून दुसऱ्या पीठाकडे पाठवतात. केवळ पूर्वीच्या पक्षसदस्यत्वावरून तशी मागणी करू नये, ती फेटाळली जाईल आणि नाराजी पदरात पडेल.

वडील ज्येष्ठ नागरिक असल्यास वयाचा पुरावा जोडून लवकर सुनावणीसाठी अर्ज करावा. त्याआधी पेपरबुक, म्हणजे अपिलाच्या कागदपत्रांचा संच, तयार आहे का, सर्व प्रतिवादींवर नोटीस बजावली गेली आहे का आणि कोणी मयत झाले असल्यास वारसांची नावे दाखल झाली आहेत का, हे वकिलांकडून तपासून घ्यावे. जागा रिकाम्या आहेत म्हणून थांबल्याचे सांगितलेली कितीतरी अपिले मी पाहिली आहेत, जी प्रत्यक्षात एका न बजावलेल्या नोटिशीपाशी अडलेली होती.